रोपे लावायला जूनमध्ये, पाणी घालायला मार्चमध्ये

(मिशनच्या साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात खर्डी केंद्रातील मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या वाचकांसाठी येथे देत आहोत. – संपादक)



मला विषय देण्यात आला आहे ‘विद्यार्थी, समाज आणि शाश्वत जीवन’. आपले पत्र आले त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी नववी-दहावीच्या मुलींना विचारले, “शाश्वत विकास म्हणजे काय गं?” एकीने लगेच हात वर केला. पुढच्या पिढ्यांचे काही न हिरावता आपल्या गरजा भागवायच्या, असे तिने घडाघडा सांगितले. पाठच होते तिला. मी म्हटले, “छान. तुझ्या ओळखीचे असे कोण वागते?” ती गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, “माझी आजी. पण ताई, तिला हे माहीत नाय.”

सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले की माझे निम्मे भाषण या मुलीने करून टाकले. ज्यांना या शब्दाची व्याख्या येते त्यांना तसे वागणे जमत नाही, आणि जी माणसे तसे वागतात त्यांना कोणी विचारत नाही. आज मी याविषयीच बोलणार आहे, आणि त्यात आमची स्वतःची चूकही सांगणार आहे. मिशनच्या मेळाव्यात आपण बहुधा यशाच्या गोष्टी सांगतो. आज एक अपयशही ऐकून घ्या, एवढी विनंती.

सुरुवात पाण्यापासून करते. आपल्यापैकी बरेच जण मुंबईचे आहात. आज सकाळी आपण जो चहा घेतला, त्यातले पाणी बहुधा आमच्या भागातून आले. तानसा, भातसा आणि वैतरणेवरचे मोडकसागर ही धरणे खर्डीच्या आसपासच्याच मुलखातली आहेत. तानसा धरण १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ सालचे. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. हे सातही तलाव काठोकाठ भरले की साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा असतो. जुलै महिन्यात ‘तलाव भरला’ अशी बातमी येते तेव्हा आपण देवाचे आभार मानता. मानावेतच.

पण ज्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाऊस थोडा नाही, वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. पण आमची जमीन उताराची आणि खाली काळा कातळ. चार महिने कोसळणारे पाणी ओढ्यांनी धावत खाली जाते आणि धरणात साठते. धरण खाली, पाडा वर. धरणातले पाणी उतारावरून शहराकडे सहज जाते, वरच्या पाड्यावर मात्र ते आपण होऊन चढत नाही. इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणायच्या योजनेविषयी आम्ही कित्येक वर्षे ऐकत आहोत. तोपर्यंत होळी झाली की बायका हंडे घेऊन ओढ्याच्या पात्रात उतरतात, वाळूत खड्डा करतात आणि झिरपलेले पाणी वाटीवाटीने भरतात.

आता विद्यार्थ्यांची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात शहरातल्या एका महाविद्यालयाची मुले राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आमच्याकडे आली होती. चांगली मुले, उत्साही. त्यांच्याजवळ छापील अर्ज होता. पर्यावरणाविषयी लोक काय विचार करतात आणि कसे वागतात याची पाहणी त्यांना करायची होती. जवळच्या कातकरी वाडीवर मी त्यांना घेऊन गेले. एका कुडाच्या घरापुढे आजी बसल्या होत्या. या त्याच, आमच्या नववीतल्या मुलीची आजी.

पहिला प्रश्न होता, “आपण घरातील कचऱ्याचे वर्गीकरण करता का?”

आजी म्हणाल्या, “कचरा म्हंजे?”

मुलाने समजावले, घरात नको असलेले जे उरते ते. आजी विचारात पडल्या. कोंडा कोंबड्यांना जातो. राख भांड्यांना लागते. शेण आणि पालापाचोळा राबाला. फाटक्या लुगड्याची गोधडी होते. बाहेरून कोणी टाकून दिलेली पाण्याची बाटली असेल तर ती शेतावर पाणी न्यायला. “नको असं काय उरतंय?” त्या म्हणाल्या. त्या मुलाने थोडा वेळ अर्जाकडे पाहिले आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. त्याच्याकडे दुसरी चौकटच नव्हती.

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. दिवसाला किती लिटर वापरता? आजींना लिटर कळत नव्हते. “तीन हंडे,” त्या म्हणाल्या. घरात माणसे पाच. मुलाने मोबाईलवर हिशोब केला. हंडा पंधरा लिटरचा धरला तर एका माणसाला नऊ लिटर. त्याने दोनदा गुणाकार-भागाकार केला, आपले काही चुकले असेल म्हणून. शहरात माणशी १३५ लिटरचे मान धरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यासाठी माणशी ५५ लिटर धरले आहेत. आणि इथे नऊ. परत येताना तो मुलगा काही बोलला नाही. वसतिगृहावर आल्यावर मात्र त्याने मला विचारले, “मॅडम, आम्ही यांना काय शिकवायला आलो होतो?”

मी त्याला त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही.

मी त्या मुलांना नावे ठेवत नाही. त्यांना जे शिकवले गेले ते त्यांनी मनापासून केले. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली आणि पुन्हा २००३ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. त्यानंतर शाळेपासून महाविद्यालयापर्यंत हा विषय आला. आमच्या अकरावीच्या मुलांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे पुस्तकच आहे. म्हणजे आपल्या मुलांना माहिती नाही असे म्हणता येत नाही. माहिती भरपूर आहे. गुणही चांगले मिळतात. अडते ते पुस्तक मिटल्यावर. कारण वागायचे म्हटले की कोणाला तरी काहीतरी सोडावे लागते, आणि कोणी काय सोडायचे हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

आमचेही असेच झाले. दरवर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरणदिनी, आम्ही वृक्षारोपण करायचो. पाहुणे यायचे, फीत कापायची, रोपाजवळ उभे राहून छायाचित्र काढायचे. ती छायाचित्रे याच त्रैमासिकात छापून आली आहेत. एका वर्षी माळावर शंभर रोपे लावली. गुलमोहर होते, आणखी काही शोभेची झाडे होती. त्या दिवशी हीच आजी कडेला उभी होती. ती मला म्हणाली, “बाय, झाडं बरी लावली. पर होळीनंतर पानी कोन घालनार?” मी म्हटले, “बघू.”

पुढच्या मार्चमध्ये मी माळावर गेले. शंभरातली चार जगली होती. बाकीची काही गुरांनी खाल्ली, काही गवताबरोबर कापली गेली आणि उरलेली उन्हाने गेली. वाडीच्या बायका गवत कापायच्या ती जागा आम्ही कोणाला न विचारता झाडांसाठी निवडली होती. वाडीतल्या एकाही माणसाला गुलमोहर नको होता. हवा कशाला असेल? ना फळ, ना चारा, ना औषध.

पण याहून मोठी चूक अजून पुढे आहे.

आमच्या वसतिगृहाला बोअर आहे. साहाय्यकांच्या देणगीतून झालेली, त्याबद्दल आम्ही नेहमी उपकारस्तुती करतो. ती कधी आटली नाही. वसतिगृहाच्या खालच्या अंगाला कातकरी वाडीची विहीर आहे. ती दर उन्हाळ्यात आटायची. या दोन गोष्टी आम्ही कधी एका वाक्यात बोललो नव्हतो.

एका एप्रिलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेत मी पाणी जपून वापरण्याविषयी बोलत होते. बोलून झाल्यावर ती नववीतली मुलगी उभी राहिली. तिला बोलायला भीती वाटत होती, हात थरथरत होते. ती म्हणाली, “ताई, आपण इथं दोन बादल्यांनी अंघोळ करतो. माझी आय रात्री दोन वाजता विहिरीवर जाऊन बसते, पाणी साठायची वाट बघत. आपल्या बोअरचं पाणी आणि आमच्या विहिरीचं पाणी खालून एकच हाय का?”

प्रार्थनाघरात कोणी काही बोलेना. मी इतकी वर्षे त्या केंद्रात काम करते, भूगोल शिकवते. हा प्रश्न मला पडला नव्हता. तो तिला पडला, कारण तिची आई रात्री विहिरीवर बसत होती.

आम्ही भूजलाची माहिती असलेल्या एका गृहस्थांना बोलावले. त्यांनी सांगितले की कातळाच्या भेगांतून पाणी कसे वाहते ते तपासणीशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण वर बोअर आणि खाली विहीर इतक्या जवळ असतील तर एकाच पाण्यावर दोघांचा हात असणे अगदी शक्य आहे. नक्की नाही, शक्य आहे. एवढ्यावर आम्ही थांबू शकलो असतो. “सिद्ध झालेले नाही,” असे म्हणून फाईल बंद करता आली असती. पण त्या मुलीसमोर दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला उभे राहायचे होते.

त्या आठवड्यात मुलींनीच पाण्याचा हिशोब काढला. गळक्या नळाखाली रात्री बादली ठेवली, ती सकाळी भरलेली मिळाली. असे तीन नळ होते. आठवीच्या मुलींनी पाळी लावून सगळ्या अंघोळीच्या बादल्या मोजल्या. स्वयंपाकघरात तांदूळ धुतलेले पाणी किती फेकले जाते ते पाहिले. मग आम्ही बसून ठरवले. अंघोळ एका बादलीत. नळ त्याच आठवड्यात दुरुस्त. तांदळाचे आणि भांडी विसळलेले पाणी परसातल्या भाजीला. आणि बोअरचा एक पाईप कुंपणाबाहेर वाडीच्या वाटेवर काढायचा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आधी वाडीचे हंडे भरतील, मग वसतिगृहाची टाकी भरेल.

हे शेवटचे सोपे गेले नाही, तेही सांगते. आमच्या समितीतल्या काहींना ते पटले नाही. मुलींना पाणी कमी पडले तर जबाबदार कोण, असे विचारले गेले, आणि तो प्रश्न रास्त होता. काही मुलींनीही तक्रार केली. डोके धुवायच्या दिवशी एका बादलीत भागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तक्रार करणाऱ्यांतल्याच दोघींनी नंतर वाटेवरच्या नळाची जबाबदारी मागून घेतली. कोणाचे किती हंडे झाले, भांडण कुठे झाले, म्हातारीचा हंडा कोणी उचलून दिला, हे त्या पाहतात. माझ्या मते शाश्वत जीवनाचा त्यांचा खरा धडा हा आहे. पुस्तकात त्याला गुण नाहीत.

मुलींनी आणखी एक काम केले. एका दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर रविवारी उपासनेनंतर वाडीच्या विहिरीत ती दोरी सोडून किती गाठी भिजल्या ते वहीत लिहायला सुरुवात केली. त्या वहीला आता चार वर्षे होतील. आमच्या केंद्रातले सगळ्यात प्रामाणिक दप्तर कोणते असे विचाराल तर मी ती वही दाखवीन.

आता बंधाऱ्याविषयी. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर घातलेला ‘वनराई बंधारा’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पावसाळा संपला, ओढ्याची धार बारीक झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो घालायचा. फार खर्च नाही, अंगमेहनत लागते. त्या महाविद्यालयाच्या पुढच्या शिबिरात आम्ही असा बंधारा घातला. जागा आम्ही निवडली, रस्त्याजवळची, कारण तिथे साहित्य नेणे सोपे होते. पाणी थांबलेच नाही. खालून भेग होती, तिथून निघून गेले. आजी म्हणाल्या, “तिथं म्हसरंबी पानी प्यायला थांबत नाय.” दुसऱ्या वर्षी जागा त्यांनी दाखवली. रस्त्यापासून आत, चालायला त्रासाची. तिथे पाणी थांबले.

त्या वर्षी वहीतल्या नोंदींप्रमाणे विहिरीत पाणी आधीपेक्षा तीन आठवडे अधिक टिकले. तीनच आठवडे. त्या वर्षी पाऊसही जरा बरा होता, त्यामुळे सगळे श्रेय बंधाऱ्याला देता येणार नाही, हेही मुलींनी वहीत लिहून ठेवले आहे. पण बंधाऱ्याच्या पाण्यावर वाडीतल्या दोन घरांनी भेंडी आणि चवळी लावली. आपल्याला माहीत आहे, दिवाळी झाली की आमची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात, शाळा सुटते ती सुटतेच. त्या वर्षी ही दोन कुटुंबे गेली नाहीत. त्यातल्या एका घरातली दुसरीतली मुलगी मार्च महिन्यात शाळेच्या बाकावर होती. म्हणून म्हणते, पर्यावरण हा आमच्याकडे झाडाझुडपांचा वेगळा विषय नाही. ओढ्यात पाणी राहिले तर शाळेत मूल राहते.

हे काम आपल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती सेवकांना नवे नाही. फादर हर्मन बाकर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य घालवले. दुष्काळी गावांत डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, ही पाणलोटाची पद्धत गावोगाव नेणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे आहे. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली. त्या कामाचा नियम असा की गावाने आधी श्रमदान करायचे, मोकाट चराई बंद करायची, झाडे तोडणे थांबवायचे, मगच पुढचे काम. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे त्यातून उभी राहिली. फादर २०२१ साली प्रभूकडे गेले. त्यांच्या कामातून आमच्यासारख्यांनी घ्यायचा धडा एवढाच की गावाने ‘हो’ म्हटल्याशिवाय कुदळ उचलायची नाही. आम्ही शंभर रोपे लावताना हेच विसरलो होतो.

आता कोणाला वाटेल की मी आदिवासींना देवदूत करते आहे. तसे नाही. माझ्या मुली जंगलाला धरून वाढल्या, हे खरे. पहिला पाऊस पडला की त्यांच्या आया शेवळे आणतात. वरचा कोंब घेतात, कंद जमिनीत राहू देतात, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मिळते. भाजी घशाला खाजू नये म्हणून त्यात काकडाची फळे घालायची, हेही त्यांना आईकडून कळते. राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात, झाड उभे ठेवतात. पण आता वाडीवरच्या टपरीत पाच-पाच रुपयांची पुडकी टांगलेली असतात. गुटख्याच्या आणि कुरकुऱ्यांच्या पिशव्या ओढ्यात दिसतात. आपल्या राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, २०२२ साली देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली, तरी टपरीपर्यंत ती नीट पोहोचलेली नाही. ज्या आजीला कचरा म्हणजे काय ते माहीत नव्हते, तिची नातवंडे आज प्लास्टिक चुलीत जाळतात. बंधाऱ्याच्या पिशव्याही आम्ही पावसाच्या आधी काढून घेतो, नाहीतर आमचाच कचरा ओढ्याने खाली जाईल.

मला त्याहून काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. एका मुलीने सुट्टीनंतर घरून येताना डब्यात कुर्डूची भाजी आणली होती. ती तिने सगळ्यांपासून लपवून, पाठमोरी बसून खाल्ली. मी विचारले तर म्हणाली, “जंगली म्हणतात, ताई.” आपण या मुलींना शिकवतो, शहाणे करतो, आणि त्या शिक्षणातून त्यांना आपल्याच आईच्या काटकसरीची लाज वाटू लागली, तर आपण काय कमावले? आम्ही आता पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस वसतिगृहात रानभाजी करतो. टाकळा, भारंगी, कुर्डू, करटुली. भाजी वाडीतल्या बायकांकडून पैसे देऊन घेतो. ज्या मुलीची आई भाजी आणते, ती त्या दिवशी पंगतीत भाजी कशी करायची ते सांगते. पाठमोरी बसून खाणारी ती मुलगी यंदा सांगायला उभी राहिली.

बंधुभगिनींनो, शास्त्रात पाहिले तर उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मालक म्हणून नव्हे, राखणदार म्हणून. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू काय करतो ते पाहा. ज्याने पाच भाकरींतून इतके केले त्याला उरलेल्या तुकड्यांची काय पर्वा? तरी तो शिष्यांना तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. आपण या भागावर अनेक उपदेश ऐकले आहेत, बहुतेक चमत्कारावर. मला अलीकडे त्या टोपल्या उचलणारे शिष्य दिसतात. जेवण झालेले, लोक पांगलेले, गवतावर वाकून एकेक तुकडा वेचणारे. त्या कामाचे छायाचित्र कोणी काढले नसते.

आता आपणांकडे मागणे. मिशनच्या भाषणाच्या शेवटी मागणे असतेच, आपल्याला त्याची सवय आहे.

पहिले, वृक्षारोपणाला जूनमध्ये येऊ नका. मार्चमध्ये या. जूनमध्ये पाऊस आहे, रोपाला आपली गरज नाही. मार्चमध्ये आहे. त्या अर्ज भरणाऱ्या मुलाने हे ऐकले. शिक्षण संपल्यावर तो नोकरीला लागला, आणि गेली दोन वर्षे मार्चच्या एका रविवारी पाच-सहा मित्रांना घेऊन कसारा लोकलने येतो. येताना पाण्याच्या बाटल्या विकत आणत नाहीत, घरून भरून आणतात आणि रिकाम्या परत नेतात. आता रोपे बायका निवडतात. मोह, आंबा, शेवगा, बांबू. माळावर नाही, घराच्या परसात, जिथे सांडपाणी जाते. मागे चाळीस लावली, त्यातली एकवीस उभी आहेत. शंभरातल्या चारपेक्षा चाळीसातली एकवीस मला अधिक आवडतात.

दुसरे, येत्या उन्हाळ्यात वाडीच्या विहिरीतला गाळ काढायचा आहे आणि कठडा बांधायचा आहे. श्रमदान वाडी करणार, दगड-सिमेंट आपण द्यावे. वर्गणीचा तपशील कार्यालयात मिळेल.

तिसरे मागणे पैशाचे नाही, म्हणून अवघड आहे. आपल्या घरी गळणारा नळ असेल तर तो या आठवड्यात दुरुस्त करा. रविवारशाळेच्या मुलांना एकदा घरातल्या बादल्या मोजायला सांगा. शाश्वत जीवनाची व्याख्या त्यांना नंतर सांगितली तरी चालेल. आणि जुलैमध्ये तलाव भरल्याची बातमी वाचाल तेव्हा आभाराच्या प्रार्थनेत तलावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांची आठवण ठेवा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देऊ शकलेले नाही. खालून पाणी एकच आहे की नाही, हे कातळालाच ठाऊक. पण आम्ही एकच आहे असे धरून वागायचे ठरवले आहे. आपणही तसेच धरावे, ही विनंती. खर्डीच्या कातळाखालचे, तानसा-भातसाचे आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी एकाच हाताने दिलेले आहे.

येत्या रविवारी मुली उपासनेनंतर पुन्हा दोरी घेऊन विहिरीवर जातील. त्या वेळी एक मिनिट त्यांच्यासाठी प्रार्थना करा. देवबाप आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.